गावात नेट येते-जाते, मग कायम ऑनलाइन मागणारा कन्सोल घ्यावा का? यात आपला फायदा काय?

पराटीतला पोट्टा (आर्णी तालुका)

नमस्कार मंडळी. कापसाचे पैसे आले, सोसायटीचं भरून झालं, दुकानाची उधारी भागली आणि माझ्या वाट्याले थोडे उरले. बाबा स्वतः म्हणाले की घे बावा तुझं ते मशीन आताच, लग्न झाल्यावर कोणी घेऊ देणार नाही. तर कन्सोल (टीव्हीले जोडून गेम खेळायचं मशीन) घ्यायचा पक्का आहे, पण एका गोष्टीवर अडलो.

मागच्या महिन्यात वर्ध्याले मामाच्या पोराकडे गेलो होतो. त्याच्याकडे कार रेसिंगचा एक गेम आहे (नाव नाही घेत, उगा भांडणं लागतात). रात्री जेवण झाल्यावर मस्त बसलो, दोन रेस झाल्या न झाल्या की नेट गेलं आणि गेम म्हणते सर्व्हरशी (म्हणजे कंपनीच्या तिकडच्या कॉम्प्युटरशी) संपर्क तुटला, बाहेर व्हा. आता मले सांगा, गाडी माझी, रस्ता माझा, समोर कॉम्प्युटरच्या गाड्या, दुसरा जिवंत माणूसच नाही त्याच्यात, मग त्याले नेट काहून पायजे?

हे वर्ध्याचं झालं. आमच्या गावात तर लाईन गेली की दोन-तीन तासांत टॉवरची बॅटरी पण मान टाकते, मग रेंजही गेली. फायबर ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत आलं, तिथंच त्याची गुंडाळी लटकून आहे. मी आहो मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाले दीड जीबी, तेही स्लॅबवर पाण्याच्या टाकीजवळ फोन ठेवला तर. कोणी तरी सांगतलं की एकेक मोठा गेम १०० जीबीचा असते. दीडनं भागलं तर ६७ दिवस. म्हणजे पेरणीच्या दिवशी डाउनलोडले लावला तर पराटीले पात्या-फुलं लागेपर्यंत तो उतरते.

कंपन्या म्हणतात नेटची अट खेळणाऱ्याच्याच भल्यासाठी आहे. खरंच आहे का काही फायदा? का फक्त त्यांचा?

---

रँकपुश_अमरावती

भाऊ नेटच नसन तर कन्सोल घेऊन करशील काय? जुना टेप घे अन् गाणे ऐक.

गंमत केली. पण खरं सांगतो, सगळे कंपनीले शिव्या देतात त्याच्यात मी नाही. मी हॉस्टेलवर राहतो, इथं फायबर आहे, आणि माझे ९० टक्के गेम असे आहेत की समोर माणूस असल्याशिवाय त्यात काही दमच नाही. तिथं नेट लागणारच, त्यात अट कसली. दुसरं म्हणजे चीटिंग. तुझा सगळा हिशोब, म्हणजे पैसे, गाड्या, लेव्हल, तुझ्याच मशीनमध्ये ठेवला तर तो बदलणारे पोट्टे बम आहेत. सर्व्हरवर असला की त्याले हात लावणं कठीण. तिसरं म्हणजे फुकट गेम. फोर्टनाइटसारखा गेम एक रुपया न देता खेळता येते तो काहून, तर त्याचं दुकान ऑनलाइन चालू असते म्हणून. नेटचा हा फायदा नाही का?

---

जुना खेळाडू (मूळचा काटोल, सध्या नागपूर)

रँकपुशचे मुद्दे चुकीचे नाहीत, पण त्यानं दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या. दहा जण मिळून खेळायचा गेम नेट मागतो ते ठीकच, कबड्डीला समोरची टीम लागतेच. वाद आहे तो एकट्यानं खेळायच्या गेमचा, आणि त्याहून मोठा वाद होता अख्ख्या मशीनचा. नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून थोडं मागचं सांगतो, लांबलं तर माफ करा.

२१ मे २०१३ ला मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन हा त्यांचा नवा कन्सोल जाहीर केला. पुढच्या काही दिवसांत त्याचे नियम बाहेर आले. मशीननं २४ तासांत एकदा तरी कंपनीच्या सर्व्हरला हजेरी द्यायची, नाही दिली तर गेम बंद. डिस्कवर विकत घेतलेला, एकट्यानं खेळायचा गेम पण बंद. मित्राच्या घरी जाऊन त्याच्या मशीनवर आपला गेम लावला तर दर तासाला हजेरी. डिस्क दुसऱ्याला द्यायची तर तो माणूस तुमच्या फ्रेंड लिस्टमध्ये निदान ३० दिवसांचा जुना पाहिजे आणि तेही एकदाच, त्यानं पुढं तिसऱ्याला द्यायची नाही. म्हणजे आपल्याकडं एक डिस्क काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी फिरून सहा महिन्यांनी परत येते ते सगळं संपलं.

लोक भडकले. आणि त्यावर कंपनीचा तेव्हाचा एक्सबॉक्सचा मुख्य माणूस, डॉन मॅट्रिक, एका मुलाखतीत काय म्हणाला तर ज्यांना नेट मिळत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडं वस्तू आहे की, तिचं नाव एक्सबॉक्स ३६०. म्हणजे जुनंच मशीन वापरा. त्याच बोलण्यात अणुपाणबुडीवर नोकरी करणाऱ्या माणसाचं उदाहरण निघालं. मी ते तेव्हा नागपुरात मेसमध्ये बसून पाहत होतो आणि मनात आलं, बावा पाणबुडी कशाला पाहिजे, नरखेडच्या पुढं दहा किलोमीटर ये.

तेवढ्यात १० जूनला सोनीनं स्टेजवर सांगितलं की त्यांच्या पीएस ४ ला (प्लेस्टेशन ४) अशी हजेरी नाही, जुन्या डिस्कवर बंधन नाही, आणि किंमत ३९९ डॉलर. एक्सबॉक्स होता ४९९. वरून एक वीसेक सेकंदांचा व्हिडिओ काढला, 'गेम मित्राला कसा द्यायचा' म्हणून. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, तो थँक्यू म्हणतो, व्हिडिओ संपला. लोक लोळून लोळून हसले. १९ जूनला मायक्रोसॉफ्टनं अट मागं घेतली, म्हणजे महिनाभरही टिकली नाही. नोव्हेंबरमध्ये मशीन विकायला आलं तेव्हा पहिल्यांदा चालू करताना एकदा अपडेट, मग बिननेटचं चालेल असं झालं.

आता रँकपुशच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करतो, कारण ती कोणी सांगत नाही. त्या मूळ योजनेत घरच्या दहा जणांमध्ये गेम वाटून खेळायची सोय पण होती. अट गेली तशी तीही गेली. रोजची हजेरी होती म्हणूनच ते वाटप त्यांना परवडणार होतं. म्हणजे फायदा अगदी शून्य होता असं नाही, पण तो ज्याच्या घरी पक्कं नेट त्याला, आणि ज्याच्याकडं नाही त्याचं पैसे देऊन घेतलेलं मशीनच बंद. फायदा एकाला आणि भुर्दंड दुसऱ्याला, असं ते गणित.

---

डीपी जळली

पाणबुडीवाल्याले निदान सरकार पगार तरी देते

---

पार्लरवाला_दारव्हा

मी गेम पार्लर चालवतो, चार टीव्ही आहेत, तासाचे ४० रुपये. माझा हिशोब रोखीचा आहे म्हणून धंद्याचं बोलतो.

तान्हा पोळा म्हणजे आमची दिवाळी. पोट्टे लाकडी नंदी घरोघरी फिरवून बोजारा (पैसे) गोळा करतात आणि दुपारपासून तो सगळा बोजारा माझ्या गल्ल्यात. मागच्या खेपेला नेमकं त्याच सकाळी रोडच्या कामावरच्या जेसीबीनं फायबर तोडलं. दोन टीव्हीवर एकट्यानं खेळायचे पण नेटवालेच गेम होते, ते दोन्ही बंद. तिसऱ्यावर फुटबॉल. त्यात खेळाडूंची पाकिटं फोडायचा जो मोड आहे तो बंद, पण दोघांनी दोन रिमोट घेऊन साधा सामना खेळायचा मोड बिननेटचा चालते, तो चालला. चौथ्यावर कुस्ती, ती चालली. म्हणजे चार टीव्हीचा धंदा दोनवर आला, पोट्टे रांगेत उभे, एक जण तर म्हणे काका माझा नंदी ठेवून घ्या पण एक तास द्या.

तेव्हापासून गेम घ्यायच्या आधी मी एकच विचारतो, तार काढल्यावर काय चालते? दुकानदार सांगत नाही, डब्याच्या मागं बारीक अक्षरात असते ते वाचा लागते.

आणि पोट्ट्या, सेकंडहँड पीएस ४ घेणार असशील तर एक पाहून घे. त्याच्यात घड्याळाचा एक सेल असते, चपटा बटण सेल. तो मेला आणि मशीनले नेटवर घड्याळ जुळवता आलं नाही तर आधी गेमच सुरू होत नव्हते, डिस्कवाले पण. कोणाच्या लक्षातही नव्हतं की मशीन असं अडकून बसन. सोनीनं २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ९.०० चं अपडेट दिलं त्यात ते ठीक झालं. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन व्हर्जन ९.०० किंवा पुढचं आहे का ते त्याच्याच घरी पाहायचं, आपल्या घरी आणल्यावर नाही.

---

रँकपुश_अमरावती

पार्लरवाले काका, पोट्ट्याचा नंदी ठेवून घेतला का मग?

आणि एक मुद्दा राहिला. दोन वर्षांमागं उन्हाळ्यात आमच्या गावाकडं (अंजनगाव सुर्जी जवळ) वीज कडाडली, टीव्ही, सेटटॉप बॉक्स अन् माझा कन्सोल तिन्ही एका दणक्यात गेले. पण सेव्ह (गेम कुठवर आला त्याची नोंद) सगळे क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर होते. नवीन मशीनवर लॉगिन केलं अन् जिथं सोडलं तिथूनच सुरू. तुमची डिस्क असती अन् सेव्ह मशीनमध्ये असता तर तीनशे तास पाण्यात. हा फायदा नाही म्हणता?

---

पार्लरवाला_दारव्हा

नंदी नाही घेतला, तास फुकट दिला. त्याच्या आईनं संध्याकाळी पुरणपोळ्या पाठवल्या, म्हणजे घाटा नाही झाला.

---

झाडीपट्टीची मास्तरीण (कुरखेडा)

रँकपुश दादा, क्लाउड सेव्ह आणि सतत ऑनलाइन राहायची सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. नेट आलं की सेव्ह वर जाऊ दे, नाही आलं की मशीनमध्ये राहू दे, हे सहज होतं. माझा मुलगा तेच करतो. आठवड्यातून एकदा गडचिरोलीला जाणं होतं तेव्हा सेव्ह चढवतो. वीज कडाडली की प्लग काढायचा हे मात्र त्याला अजून शिकवतेच आहे.

मी काही गेमवाली नाही. मुलासाठी घेतला म्हणून शिकावं लागलं. सुरुवातीला आम्ही डिजिटल गेम (डिस्क नसलेला, नेटवरून उतरवायचा) घेतला, मशीन घरी आणलं, रेंज नव्हती, तर मशीन म्हणालं हा गेम तुमचा आहे की नाही ते तपासता येत नाही. माझ्याकडं पावती होती, पैसे कटल्याचा मेसेज होता, पण ते दाखवणार कोणाला. दोन दिवस पोराचं तोंड पाहवलं नाही. नंतर शाळेतल्या एका सरांच्या भाच्यानं फोनवर सांगितलं ते इथं लिहून ठेवते, उपयोगी पडेल.

एक्सबॉक्समध्ये 'होम एक्सबॉक्स' असं एक सेटिंग असतं. आपलं मशीन त्यात होम म्हणून लावलं की विकत घेतलेले डिजिटल गेम बिननेटचे सुरू होतात. पीएस ५ मध्ये तेच 'कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले' या नावानं आहे, पीएस ४ मध्ये 'प्रायमरी' म्हणतात. हे नेट असतानाच करून ठेवायचं. गेल्यावर आठवलं तर काही उपयोग नाही, जसं रॉकेल संपल्यावर कंदील शोधणं. गेम पास (वर्गणी भरून बरेच गेम खेळायची एक्सबॉक्सची सोय) घेतला असेल तर त्याला ३० दिवसांतून एकदा नेट दाखवावंच लागतं, ते आम्हाला गडचिरोलीच्या फेरीत जमून जातं. एक्सबॉक्स पहिल्यांदा सुरू करताना नेट लागतंच. पीएस ५ ची डिस्कवाली नवी स्लिम घेतली तर तिचा ड्राइव्ह वेगळा निघतो, तो पहिल्यांदा जोडताना पण एकदा नेट लागतं. तेव्हा खोकं गावात नेऊन फोडू नका, जिथं नेट आहे तिथंच फोडा.

---

जुना खेळाडू (मूळचा काटोल, सध्या नागपूर)

मास्तरीणबाईंनी लाख मोलाचं सांगितलं.

चीटिंगबद्दल राहिलंच होतं. मार्च २०२२ मध्ये सोनीच्या ग्रॅन टुरिझ्मो ७ या कार रेसिंगच्या गेमचं असंच झालं. तो गेम जवळपास सगळा, एकट्यानं खेळायचा भाग सुद्धा, सर्व्हरशी जोडलेला. कारण तेच, सेव्हमध्ये कोणी फेरफार करू नये. एक अपडेट फसलं आणि सर्व्हर ३० तासांहून जास्त बंद. जपान, अमेरिका, युरोप, जिथं नेट पळतं तिथले लोक पण घरात बसून राहिले. म्हणजे प्रश्न फक्त आपल्या टॉवरच्या बॅटरीचा नाही, त्यांचं तिकडं बसलं तरी आपलं इकडं बंदच. २०११ ला तर प्लेस्टेशनचं अख्खं नेटवर्क हॅक झालं तेव्हा तीन आठवड्यांच्या वर बंद होतं आणि ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली. तेव्हा पीएस ३ वर डिस्क लावून खेळणारा माणूस आरामात खेळत होता.

पण त्याच कंपनीचं चांगलं पण सांगतो. याच्या आधीचा ग्रॅन टुरिझ्मो स्पोर्ट पण असाच नेटवर बांधलेला होता. त्याचे सर्व्हर ३१ जानेवारी २०२४ ला बंद केले, पण जाताना शेवटचं अपडेट देऊन गेम बिननेटचा करून दिला. घर सोडताना किल्ली हातात देऊन जाणं म्हणतात ते हे. आणि याच्या उलट युबिसॉफ्ट कंपनीचा द क्रू. २०१४ चा गेम, अख्खी अमेरिका गाडीनं फिरायची, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद आणि गेम कायमचा मेला. एकट्यानं चालवायची गाडी पण नाही चालत. डिस्क आहे माझ्याकडं, चहाचा कप ठेवतो त्याच्यावर. त्याच्यावरूनच रॉस स्कॉट नावाच्या माणसानं 'स्टॉप किलिंग गेम्स' म्हणून चळवळ काढली, युरोपात सह्या गोळा केल्या, २०२५ च्या जुलैत १० लाखांच्या वर गेल्या. मागणी काय तर सर्व्हर कायम चालवा असं नाही, फक्त बंद करताना गेम चालण्याजोगा ठेवून जा.

सिमसिटी घ्या, शहर वसवायचा गेम. मार्च २०१३, पीसीवरचा. कंपनी सांगत होती की नेटशिवाय हा गेम होऊच शकत नाही, हिशोबच आमच्या सर्व्हरवर होतो. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर बसले, लोकांना आत जाता येईना. आणि बरोबर वर्षानं, मार्च २०१४ ला, तोच गेम ऑफलाइन करून दिला. होऊ शकत नव्हता तो झाला. म्हणून 'तांत्रिक गरज आहे' असं कोणी म्हटलं की माझे कान टवकारतात.

---

रँकपुश_अमरावती

सिमसिटीचं माहीत नव्हतं. ते च्यायला खोटंच बोलले मग.

तरी पायरसीचं काय? पार्लरवाले काका, खरं सांगा, पीएस टू च्या जमान्यात चिप मारून ५० रुपयांच्या डीव्हीडी चालवल्या का नाही? मग कंपनी हजेरी घेईन नाही तर काय करन?

---

पार्लरवाला_दारव्हा

चालवल्या. खोटं कशाले बोलू. पण आता सगळ्या ओरिजिनल डिस्क आहेत माझ्याकडं, बिलं आहेत, आणि तान्ह्या पोळ्याले बंद मीच पडलो. ज्याच्याकडं चोरीचा होता त्याचा कदाचित चालूच असन. चोर पकडायले लावलेलं कुलूप घरमालकालेच बाहेर ठेवते, अन् चोर खिडकीतून आत बसून भजे खाते.

---

डीपी जळली

भजे कोणते गेमचे

---

पराटीतला पोट्टा (आर्णी तालुका)

सगळ्यांचे लय लय आभार. उशीर झाला, मधात ओलिताची पाळी होती, रात्रीची थ्री फेज, रात्रभर हरभऱ्यात पाणी.

घेतला. डिस्कवालाच घेतला, सेकंडहँड, यवतमाळच्या एका भाऊकडून. पार्लरवाल्या काकांनी सांगतलं तसं त्याच्या घरीच सेटिंग उघडून व्हर्जन पाह्यलं, तो भाऊ पाहतच राह्यला, म्हणे हे तुले कोणी शिकवलं. मग मास्तरीण ताईंच्या सांगण्याप्रमाणे तिथूनच मावशीकडं गेलो, तिच्याकडं वायफाय आहे. दोन दिवस मशीन तिथं ठेवून अपडेट उतरवले, प्रायमरी करून घेतलं. मावशी शेजारच्या बाईले सांगत होती की भाचा आला, त्याचं मशीन अॅडमिट आहे. येताना तिनं कुरडया बांधून दिल्या, एका बॅगेत मशीन अन् एका बॅगेत कुरडया, एसटीत मी दोन्ही मांडीवर घेऊन बसलो.

डिस्का तीनच घेतल्या. तिन्हीचं आधी पाह्यलं की तार काढल्यावर चालतात. त्यातला एक शेतीचा, फार्मिंग सिम्युलेटर. रँकपुश भाऊ हसशील तू, पण दिवसभर वावरात राबून रात्री पुन्हा ट्रॅक्टरच चालवायची मजा तुले नाही समजणार, इथं डिझेलचे पैसे नाही लागत.

रेसिंगवाला तो नाही घेतला. मामाच्या पोराले फोन केला होता, त्याले म्हटलं तुझ्याकडं आलो की खेळू, नेट असन तर.

काल दुपारपासून लाईन नाही, डीपीवरचा फ्यूज उडाला म्हणतात (डीपी जळली भाऊ, तुझं नाव बदल बापा, अपशकुनी आहे). रेंज संध्याकाळीच गेली. इन्व्हर्टरवर टीव्ही अन् मशीन चालू केलं, फॅन बंद ठेवला, गाव सगळं अंधारात आणि मी आपला नांगरून रायलो. बाबा मागं बाजेवर पडले होते, मले वाटलं झोपले. अर्ध्या तासानं आवाज आला, "तास वाकडा चालला बे तुया."